ओमाचं 1951 च्या आधीचं आयुष्य शोधताना

नवऱ्याच्या आजीला घरात सगळे ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणायचे म्हणून मीही ओमाच म्हणायला लागले. ती 1951 च्या ऑक्टोबरात बोटीने न्यूयॉर्कला उतरली, तिथून रेल्वेने मिलवॉकीला आली, आणि घरच्यांच्या लेखी तिची गोष्ट तिथूनच सुरू व्हायची. त्याआधीचं विचारलं की उत्तर ठरलेलं, युद्धात फार हाल झाले, गाव गेलं, जाऊ दे. माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तिची सख्खी मुलं, त्यांनासुद्धा आईच्या गावाचं नाव धड सांगता येत नव्हतं. काकांचा तर समज होता की आई मूळची पोलिश असावी, कारण तिच्या कुठल्याशा कागदावर पोलंड लिहिलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं.

ओमा 2022 मध्ये गेली, 93 वर्षांची होऊन. शेवटच्या काही वर्षांत तिच्याकडून जे ऐकलं आणि ती गेल्यावर कागदांमधून जे सापडत गेलं, त्याची मिळून मी घरच्यांसाठी एक पुस्तिका केली. ते सगळं कसं केलं ते सविस्तर लिहितेय, कारण आता आपल्याकडच्या पोरापोरींचीही लग्नं अशा घरांत होतात, आणि जुने कागद, न वाचता येणारी लिपी, सरकारी अर्ज हे प्रकरण कुठेही गेलात तरी थोड्याफार फरकाने तेच असतं.

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात कॉलेजला असताना मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकले, तेव्हा नोकरीला उपयोग होईल एवढाच हिशोब होता. लग्न होऊन मिलवॉकीला आले तेव्हा लक्षात आलं की या अस्सल जर्मन आडनावाच्या घरात आजी सोडली तर कोणालाच जर्मन येत नाही. मिलवॉकी म्हणजे एकेकाळचं अमेरिकेतलं सगळ्यात जर्मन शहर, ‘जर्मन अथेन्स’ म्हणायचे त्याला, पाब्स्ट, श्लिट्झ, मिलर या बिअर इथल्याच, उसिंगरचं सॉसेजचं दुकान 1880 पासून चालू आहे. पण पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेवर लोकांचा इतका राग निघाला की घराघरांतून ती मागे पडत गेली, आणि दुसऱ्या युद्धानंतर आलेल्या ओमासारख्या बायकांनी तर मुलांना शाळेत कोणी नाझी म्हणून चिडवू नये म्हणून घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलं. मग सत्तर वर्षं तिने जर्मन कोणाशी बोललं असेल तर चर्चमधल्या दोनचार मैत्रिणींशी, त्याही एकेक करून गेल्या. मी पहिल्यांदा तिच्याशी जर्मनमध्ये बोलले तेव्हा तिने माझा हात धरला तो जेवण होईपर्यंत सोडला नाही, आणि सासरे समोर बसून आपल्या आईला एक शब्दही न कळता ऐकत होते.

रेकॉर्डिंग सुरू केलं ती वृद्धाश्रमात राहायला गेल्यावर. (तिकडे वृद्धाश्रम म्हटलं की लगेच वाईट अर्थ घेऊ नका, तिने स्वतः निवडलेली जागा होती, खिडकीतून बाग दिसायची.) फोन टेबलावर ठेवायचा आणि बोलत बसायचं. तिच्या परवानगीनेच, पण पाच मिनिटांत ती फोन विसरून जायची. मला एक गोष्ट लवकर कळली, की युद्धाबद्दल सांग, गाव कसं सुटलं सांग असं विचारलं की ती गप्प व्हायची किंवा दोन वाक्यांत विषय संपवायची. पण स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला होती, पाणी कुठून आणायचात, शाळेत जाताना पायात काय असायचं, असलं काही विचारलं की अर्धा तास बोलायची आणि त्या बोलण्यात मधेच युद्ध आपोआप यायचं. खिडकी रस्त्याच्या बाजूला होती, म्हणून त्या खिडकीतून तिने काय काय पाहिलं तेही आलं. म्हाताऱ्या माणसांशी बोलायला जाणाऱ्यांना मी हेच सांगते, वस्तू विचारा.

सगळ्यात मोठं रेकॉर्डिंग झालं ते ख्रिसमसच्या आधीचं, खसखशीचं. सायलेशियात, म्हणजे तिच्या मुलखात, ख्रिसमसच्या आदल्या रात्री मोनक्लोसे करतात, ती आपल्या बोलीत त्याला मोनक्लीसला म्हणायची. शिळे पाव दुधात भिजवायचे, दळलेली खसखस दुधात साखर घालून शिजवायची, बेदाणे, बदाम, आणि काचेच्या मोठ्या भांड्यात पावाचा थर खसखशीचा थर असं लावून थंडीत बाहेर ठेवून द्यायचं. तिकडची खसखस निळसर काळी असते. मी इंडियन स्टोअरमधून आपली पांढरी खसखस घेऊन गेले, ओमाने ती तळहातावर घेतली, चष्मा वर करून पाहिली, दाताखाली चावून बघितली आणि म्हणाली चव बरोबर आहे, रंग चुकलाय, तरीपण करू. वृद्धाश्रमाच्या छोट्या किचनमध्ये आम्ही दोघींनी ते केलं. माझा मिक्सर ओरडत होता आणि ती त्याच्यावर आवाज चढवून सांगत होती की आमच्याकडे खसखस दळायचं लोखंडी यंत्र होतं, टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवायचं, दांडा फिरवायचं काम माझ्याकडे, आणि गाव सोडताना आईने ते बरोबर घेतलं होतं, का घेतलं देव जाणे, गादी राहिली पण ते घेतलं. मग ते यंत्र वाटेत बोहेमियात, म्हणजे आताच्या चेकियात, अंड्यांच्या बदल्यात दिलं. या एका यंत्राच्या मागे मागे जाऊन मला 1945 चा सगळा प्रवास मिळाला.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सायलेशिया तेव्हा जर्मनीत होता, युद्धानंतर पोलंडकडे गेला, मुख्य शहर ब्रेस्लाऊ, ज्याला आता व्रोत्सवाफ म्हणतात. ओमाचं गाव त्याच्या नैऋत्येला श्वाइडनित्झ जिल्ह्यात, आताचं श्विदनित्सा. फेब्रुवारी 1945 मध्ये रशियन फौजा जवळच्या श्ट्रीगाऊपर्यंत आल्या, 13 तारखेला ते पडलं, आणि ओमाच्या गावातल्या बायका, पोरं, म्हातारी माणसं घोडागाड्या जुंपून डोंगरापलीकडे बोहेमियाकडे निघाली. ओमा 15 वर्षांची, धाकटा भाऊ 7 चा, आई आणि आजी. वडील सैन्यात, मोठा भाऊ आधीच बेपत्ता. मे महिन्यात युद्ध संपल्यावर हे लोक चालत परत गावी आले तर घरात पोलिश कुटुंब राहायला आलेलं. ते कुटुंबही मजेने आलेलं नव्हतं, ल्वूफच्या पलीकडून, पोलंडचा पूर्वेकडचा जो भाग स्टालिनने घेतला तिथून त्यांना उठवून इकडे पाठवलं होतं. वर्षभर दोन्ही कुटुंबं एका छपराखाली राहिली, एकाच चुलीवर दोघी बायका पाळीपाळीने स्वयंपाक करायच्या. ओमाला त्या पोलिश बाईचं नाव शेवटपर्यंत आठवत होतं. मग 1946 मध्ये जर्मनांना बाहेर काढायला मालगाड्या लागल्या, इंग्रजांच्या कागदांत या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन स्वॅलो’. कोलफुर्ट स्टेशनवर गाडी बदलली, जर्मनीच्या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात मारिएन्टालला उतरवून अंगावर डीडीटीची पावडर मारली आणि लोअर सॅक्सनीत एका शेतकऱ्याच्या घरातली एक खोली मिळाली. असे बाहेर पडलेले किंवा काढलेले जर्मन 1 कोटी 20 लाखांच्या आसपास होते. जर्मनीने आधी सगळ्या युरोपात जे केलं त्यानंतर त्यांच्याबद्दल हळहळायला फारसं कोणी नव्हतं, आणि ओमाची ती अपेक्षाही नव्हती, एवढं मात्र सांगते.

तर ओमा गेली आणि कपाटात वर एक पत्र्याचा डबा निघाला, बिस्किटांचा. आत तिच्या आईची पत्रं, 1951 ते 1977, जर्मनीहून आलेली, वर्षावार दोऱ्याने बांधलेली. सगळ्यांनी मोठ्या आशेने ती माझ्या हातात दिली, हिला जर्मन येतं. आणि मला एक ओळ वाचता येईना. ती कुरेंट लिपी होती. 1941 मध्ये नाझी सरकारने शाळांमधून ही जुनी जर्मन लिपी बंद केली, पण ओमाची आई त्याच्या कितीतरी आधी शाळा शिकलेली, ती जन्मभर तशीच लिहीत राहिली. साताऱ्याच्या घरी पणजोबांच्या जमिनीचे मोडीतले कागद आहेत, ते बघताना जसं होतं ना, की भाषा आपली आहे हे माहीत असतं आणि तरी अक्षर हाताला लागत नाही, अगदी तसंच झालं. कुरेंटमध्ये ई आणि एन जवळपास सारखे दिसतात, यू ओळखायचा तर त्याच्या डोक्यावर एक छोटी वक्र रेघ असते ती शोधायची, एचला वर आणि खाली दोन्हीकडे फाटा, आणि एस दोन तऱ्हेचा, शब्दात मधे वेगळा, शेवटी वेगळा.

शिकायला लागले. इंटरनेटवर कित्ते मिळतात, ते छापले, आणि आधी स्वतः ती लिपी लिहायला शिकले, कारण नुसतं बघून येत नाही, हाताने गिरवली की डोळ्याला कळायला लागते. ट्रान्सक्रिबस नावाचं सॉफ्टवेअर आहे, स्कॅन टाकला की वाचून देतं, त्याने बरंच काम हलकं केलं पण म्हातारीच्या शेवटच्या वर्षांतल्या थरथरत्या अक्षरापुढे तेही थकलं. मग मी तारखेपासून सुरुवात करायची, मग पहिलं वाक्य, कारण पहिलं वाक्य प्रत्येक पत्रात तेच, माझ्या लाडक्या मुली, तुझं पत्र मिळालं, आम्ही बरे आहोत. त्या एका वाक्यातून अर्धी मुळाक्षरं मिळाली. पुढे जे वाचलं ते बरंचसं हवापाणी, बटाटे, कोणाचं लग्न, कोणाचं गुडघ्याचं दुखणं. पण दर उन्हाळ्यात एक पत्र असं यायचं ज्यात मोठ्या मुलाचा विषय निघायचा. तो 1944 च्या जूनमध्ये वितेब्स्कजवळ बेपत्ता झाला, जेव्हा रशियनांनी जर्मनांची ती अख्खी आघाडीच मोडून काढली. आई दरवर्षी रेडक्रॉसच्या शोध विभागाला पत्र टाकायची. 1957-58 मध्ये रेडक्रॉसने बेपत्ता सैनिकांच्या फोटोंचे जाडजूड खंड छापले होते, त्यात मुलाचा फोटो आला हे तिने ज्या अभिमानाने लिहिलंय ते वाचून मी ते पत्र बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी पुढचं वाचलं नाही. 1970 च्या दशकात शेवटी त्यांचा अभिप्राय आला की त्या लढाईतच मृत्यू झाला असण्याची दाट शक्यता आहे. त्याची नक्कल तिने ओमाला पाठवली, ती डब्यात होती.

आता गावाचा प्रश्न. पत्रांमध्ये गावाला नुसतं ‘घर’ म्हटलेलं. रेकॉर्डिंगमध्ये ओमाने नाव सांगितलं होतं पण त्या नावाची गावं सायलेशियात पैशाला पासरी. अशा वेळी गावाचं नाव पुरत नाही, तालुका-जिल्हा लागतो, त्याला ते क्राइस म्हणतात. 1912 चं मायर्सचं गॅझेटियर ऑनलाइन आहे, त्यात जुन्या जर्मन साम्राज्यातली सगळी गावं आहेत, आणि कार्टनमाइस्टर नावाची साइट आहे तिथे जर्मन नावावरून आताचं पोलिश नाव मिळतं. यादी काढली पण त्यातलं आपलं कुठलं हे ठरेना.

बोटीची यादी सापडली तिने थोडी मदत केली. न्यूयॉर्कला उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या 1957 पर्यंतच्या ऑनलाइन आहेत. तिच्या माहेरच्या आडनावात ओ वर दोन टिंबं आहेत, इंग्रजी टाइपरायटरवर टिंबं कुठली, त्यामुळे कुठे नुसता ओ, कुठे ओई, कुठे भलतंच, हे सगळं आलटून पालटून शोधायला लागतं. शेवटी ब्रेमरहाफेनहून सुटलेल्या एका अमेरिकन सैनिकवाहू जहाजावर ती मिळाली, ही सगळी जहाजं कुठल्या ना कुठल्या जनरलच्या नावाची असायची. वय 22, एकटी, जायचं ठिकाण मिलवॉकी, आणि ज्या संस्थेने आणलं तिची आद्याक्षरं एनएलसी, म्हणजे नॅशनल लूथरन कौन्सिल. काकांच्या पोलंडचा उलगडाही इथेच झाला. अमेरिकेने 1948 मध्ये विस्थापितांसाठी कायदा केला त्यात आधी हे हाकललेले जर्मन जवळजवळ बसतच नव्हते, 1950 च्या दुरुस्तीत त्यांच्यासाठी सुमारे 55 हजार जागा ठेवल्या, पण अट अशी की जन्म पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी वगैरे देशांत किंवा त्यांच्या ताब्यातल्या भागात झालेला हवा. सायलेशिया आता पोलंडच्या ताब्यात, म्हणून ओमाला जागा मिळाली. कागदावरचं पोलंड ते हे.

खरं घबाड मिळालं ते इमिग्रेशन खात्याच्या फाईलमध्ये. अमेरिकेत 1944 पासून परदेशी माणसाच्या नावाने एक फाईल निघते, ए-फाईल म्हणतात तिला. 1 मे 1951 पर्यंतच्या फाईली वंशावळीच्या विभागातून मागता येतात, नंतर आलेल्यांच्या फाईलसाठी फॉया, म्हणजे आपल्या माहितीच्या अधिकारासारखा अर्ज करावा लागतो. माणसाला जन्मून शंभर वर्षं झाली नसतील तर मृत्यूचा दाखला जोडायचा. आम्ही जोडला. बराच काळ काहीच नाही, आणि मग एक दिवस ईमेलमध्ये लिंक.

पहिल्याच पानावर फोटो. 22 वर्षांची ओमा, केस मागे घट्ट बांधलेले, कॉलरला पांढरी लेस, आणि नजर सरळ कॅमेऱ्यात. माझी धाकटी नणंद पडद्यावर ते बघून इतकंच म्हणाली की ही तर मीच आहे. पुढे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट, कोणत्या मिलवॉकीकर कुटुंबाने घर आणि काम द्यायची हमी दिली ते पत्र. आणि व्हिसाच्या अर्जात एक कलम, 14 व्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात ते तारखांसह लिहा. तिथे टाइप केलेलं होतं, गाव, क्राइस श्वाइडनित्झ, फेब्रुवारी 1945 पर्यंत. मग बोहेमिया. मग परत गाव, 1946 पर्यंत. मग लोअर सॅक्सनी. ज्या गोष्टीला घरात सत्तर वर्षं ‘गाव गेलं, जाऊ दे’ म्हटलं जायचं ती चार ओळींत तारीखवार लिहिलेली.

गाव पक्कं झाल्यावर जर्मनीतल्या बायरॉइटला अर्ज केला. 1952 मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा केला की ज्यांचं सगळं पूर्वेकडे राहिलं त्यांना थोडीफार भरपाई द्यायची, त्यासाठी लोकांनी दावे भरले, आणि त्या फाईली आता तिकडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या बायरॉइट शाखेत आहेत. नातं दाखवणारे कागद दिले की नकला मिळतात. ओमाचे वडील 1948 मध्ये कैदेतून सुटून आले होते, दावा त्यांनी भरलेला. ते गाडीसुतार होते, बैलगाडी-घोडागाडीची चाकं, धुरे, आख्खी गाडी बनवायचे. फॉर्ममध्ये कारखान्याच्या रकान्यात त्यांनी एकेक हत्यार लिहिलंय, बँडसॉ, लेथ, रंधे आकारानुसार, वाळवायला लावलेलं ॲशचं लाकूड किती, आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने घराचा नकाशा. कोणी मागितला नव्हता नकाशा. त्यात स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, ओमाने सांगितली तशीच.

इथे थांबले असते तर घरात वाद झाला नसता. पण मला ओमाच्या वडिलांबद्दल आणखी एक पाहायचं होतं. नाझी पक्षाच्या सभासदांची कार्डं बर्लिनला लिश्टरफेल्डमध्ये आहेत. युद्धाच्या शेवटी ती लगदा करायला म्युनिकजवळच्या कागद गिरणीत पाठवली होती, गिरणीवाल्याने लगदा केलाच नाही, म्हणून ती वाचली. अर्ज केला, कार्ड आलं. सभासद, प्रवेश 1937. त्या वर्षी चार वर्षं बंद असलेली भरती पुन्हा उघडली होती आणि लाखो लोक शिरले, त्यातले हे एक. धंद्यासाठी, सरकारी कामं मिळावीत म्हणून, की पटलं म्हणून, ते कार्डावर नसतं.

आणि ओमाच्या गावापासून काही किलोमीटरवर ग्रोस-रोझेन होतं. दगडाच्या खाणीवर 1940 मध्ये उभारलेला छळछावणीचा तळ, तिथून आणि त्याच्या उपछावण्यांमधून सव्वा लाखाच्या आसपास कैदी गेले, 40 हजार मेले. रस्त्याच्या बाजूच्या त्या खिडकीतून ओमाने पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतली माणसं नेताना पाहिली होती. रेकॉर्डिंगमध्ये आहे ते. मी विचारलं नव्हतं, खिडकीच्या पडद्यांबद्दल बोलत होती, म्हणाली आई मग पडदा ओढायची. मग म्हणाली आम्ही नंतर म्हणत राहिलो माहीत नव्हतं, मला माहीत होतं, मी लहान होते पण माहीत होतं. आणि पाणी मागितलं.

हे पुस्तिकेत घ्यायचं की नाही यावरून घरात चांगलंच पेटलं. काका म्हणाले ती आता उत्तर द्यायला नाही, आपल्या आईची आठवण म्हणून काढतोय ना हे, मग त्यात आजोबांचं कार्ड कशाला. सासूबाई म्हणाल्या नातवंडं शाळेत नेतील. मी सून, त्यातून परदेशी, मला वाटलं आता आपण गप्प बसावं. पण गप्प बसवेना. मी म्हटलं की ओमाने हे मला सांगितलं ते फोन चालू आहे हे माहीत असताना सांगितलं. तिचे हाल खरे आहेत, मालगाडी खरी आहे, आणि खिडकीतून दिसलेली माणसंही खरी आहेत, मी एक लिहून दुसरं गाळणार नाही, गाळायचंच असेल तर पुस्तिका कोणी दुसऱ्याने करा. सासरे दोन दिवस काही बोलले नाहीत आणि मग त्यांनीच सांगितलं की घे, सगळं घे, ती बोलली ते तिच्याच शब्दांत घे. माझं अजूनही तेच मत आहे, आजीला नुसती बिचारी करून ठेवली तर ती आपल्याला भेटतच नाही. काकांना ते आजही पटलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात नवरा आणि मी तिकडे जाऊन आलो. व्रोत्सवाफहून श्विदनित्साला रेल्वे आहे. तिथलं शांतीचर्च बघायचंच होतं, ओमाचं कन्फर्मेशन, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये होणारा धर्मविधी, 1943 मध्ये तिथे झालं होतं. कॅथलिक सम्राटाने प्रॉटेस्टंटांना परवानगी देताना अटी घातल्या होत्या, गावकुसाबाहेर बांधा, दगड-विटा वापरू नका, घंटेचा मनोरा नको, म्हणून 1656-57 मध्ये लोकांनी लाकूड, माती, गवत यात ते उभारलं. साडेसात हजार माणसं मावतील एवढं, दोन-तीन मजली सज्जे, सगळीकडे रंगवलेलं लाकूड. युनेस्कोच्या यादीत 2001 पासून आहे. मी चर्चबिर्च फार बघणारी नाही पण तिथे बराच वेळ बसले.

गावातलं घर पेन्सिलच्या नकाशावरून ओळखता आलं, कारखान्याच्या जागी आता गॅरेज आहे. दारात एक बाई होत्या, साठीच्या, त्यांची नात थोडं इंग्रजी बोलत होती. आम्हाला वाटलं शंका घेतील की घर मागायला आलेत, तशी भीती तिकडे जुन्या लोकांत असते म्हणे, पण त्यांनी नकाशा हातात घेतला आणि मोठ्याने आतल्यांना हाका मारायला लागल्या. त्यांची आजी ल्वूफकडून आलेली. आम्ही ओमाने सांगितलेलं त्या पोलिश बाईचं नाव सांगितलं. ती त्यांचीच आजी. चहा झाला, केक झाला, आणि त्यांनी सांगितलं की आजी सांगायची या चुलीवर एक जर्मन बाई आणि मी एक वर्ष भांडलो नाही. मिलवॉकीला परत आल्यावर हे सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले ओमा साउथ साइडला घर घेताना मुद्दाम पोलिश वस्तीत का गेली हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. ती ॲलन-ब्रॅडली कंपनीच्या कारखान्यात कामाला होती, रेझिस्टर बनवायच्या लाइनवर, घर तिथून जवळ पडायचं हे कारण होतंच. पण शेजारच्या पोलिश बायकांशी तिचं जे गूळपीठ होतं ते जवळ पडण्याने आलेलं नसावं.

पुस्तिका इंग्रजीत केली, ओमाचे उतारे जर्मनमध्ये आणि खाली भाषांतर. मग माझ्या आईवडिलांसाठी मराठीत केली, तेही ओमाला भेटले होते, आईने तिला नऊवारी नेसवली होती त्याचा फोटो आहे. आईने साताऱ्यात दोन दिवसांत वाचून काढली आणि फोन केला. बाकी काही बोलायच्या आधी तिने विचारलं, पण त्या पोरीला तिची आई परत कधी भेटली का गं? मी पत्रं पत्रं म्हणत सगळं लिहिलं होतं आणि तेवढं राहून गेलं होतं की हो, भेटली. 1966 मध्ये. वडील 1961 मध्ये गेले तेव्हा पैसे नव्हते, जाता आलं नाही. मग ओमाने पाच वर्षं साठवले, आइसलँडची लॉफ्टलायडिर म्हणून विमान कंपनी होती, तिची तिकिटं सगळ्यात स्वस्त, न्यूयॉर्कहून रेक्याविकला थांबून लक्झेंबर्गला. ओमा दोन मुलांना घेऊन ग्रेहाउंड बसने न्यूयॉर्कला गेली आणि तिथून विमानाने. सासरे तेव्हा 9 वर्षांचे, त्यांना आठवतंय की स्टेशनवर एक काळ्या कोटातली म्हातारी उभी होती आणि आई बॅगा तिथेच टाकून पळाली. दोन्ही नातवंडांना आजीचं बोलणं कळत नव्हतं, तीन आठवडे ते हातवाऱ्यांवर राहिले. आजीने त्यांना उन्हाळ्यात मोनक्लीसला करून खायला घातले, नियम मोडून. आईला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली मग हे लिही ना, आता तो भाग सासऱ्यांना विचारून विचारून लिहिते आहे.